आधी फडकं बघा, मग कंपाउंड

कुणीतरी सुचवतं की जुन्या काळ्या गाडीवर सरळ रबिंग कंपाउंड (वरचा थर घासून काढणारी खरखरीत पेस्ट) मारा, चकाकेल. चकाकेल खरी, पण त्याआधी एक छोटी चाचणी करा. डिकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्यावर थोडं पॉलिश घेऊन घासा. फडकं काळं झालं तर बहुधा रंगावर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) नाही, म्हणजे तुम्ही थेट रंगच खरवडताय. पांढरं राहिलं तर वर क्लिअर कोट आहे. तो साधारण 40-50 मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. आधीच्या मालकाने त्यातला किती घासून संपवलाय, हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून सर्वांत सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने सुरुवात. हातभर जागेवर करून बघा, जमलं तरच पुढे जा. कडा आणि पत्र्याच्या घड्यांवर थर सर्वांत पातळ, तिथे मास्किंग टेप लावा. त्याआधी नीट धुणं आणि क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी मऊ वडी) हवाच, नाहीतर चिकटलेली धूळच पॅडखाली फिरून नवे ओरखडे काढते. गोल गोल जाळी पडते ती बहुतेक अशीच, किंवा कोरड्या फडक्याने रोज गाडी पुसण्याच्या सवयीने. (काळा रंग फार चहाडखोर!)

नख फिरवल्यावर लागणारा, म्हणजे खोल ओरखडा पूर्ण घालवायच्या फंदात पडू नका. आणि क्लिअर कोटचे पापुद्रे सुटले असतील तर पॉलिशचे पैसे वाचवा, तो भाग पुन्हा रंगवावाच लागेल.