तिखट कालवणाबरोबर रेड वाईन नको

आगरी पद्धतीच्या मासळीच्या तिखट कालवणाबरोबर कुठली वाईन घ्यावी, असं या चर्चेत वर कुणीतरी विचारलंय आणि दोघांनी रेड सुचवलीय. मला ते अजिबात पटत नाही. रेडमधल्या टॅनिनमुळे (द्राक्षाच्या सालीतून येणारा तुरटपणा) तिखट जास्तच झोंबतं, शिवाय मासळीबरोबर रेड घेतली की तोंडात धातूसारखी चव उरते. त्यापेक्षा नाशिकची शेनिन ब्लाँ ही व्हाइट वाईन घ्या. तिची किंचित गोडी तिखटाला छान सांभाळून घेते.

तळलेल्या मासळीला मात्र सोव्हिन्यों ब्लाँच, हीसुद्धा व्हाइट वाईन! गेल्या रविवारी बेलापूरच्या दिवाळे गावातल्या मासळी बाजारातून पापलेटं आणली, रवा लावून तळली, वर लिंबू पिळलं. एक घास, एक घोट. तेलकटपणा जिभेवर राहतच नाही, आणि तिचा तो कापलेल्या ढोबळ्या मिरचीसारखा वास कोथिंबिरीच्या चटणीशी इतका जुळला की सगळ्यांनी पुन्हा चटणी मागून घेतली.

बाटली ८ ते १० अंशांवर हवी. बेलापूरच्या उकाड्यात ती टेबलावर बघता बघता कोमट होते. मोठ्या पातेल्यात बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घाला, बाटली मानेपर्यंत बुडवा. २० मिनिटांत गार. नुसत्या बर्फात ठेवू नका, पाणी हवंच. ते बाटलीला सगळीकडून भिडतं.