फक्त बेरीज पाहू नका
तुम्ही लिहिलंय की एएलएसएफआरएस-आरचे (एएलएस या स्नायू कमकुवत करत जाणाऱ्या मज्जातंतूंच्या आजारात रोजची कामं किती जमतात ते मोजणारी प्रश्नावली) गुण तसेच आहेत, म्हणजे आजार थांबला. एवढ्यावर तसं म्हणता येत नाही. १२ प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४८. हस्ताक्षरातला एक गुण गेला काय किंवा श्वासातला, बेरीज सारखीच कमी होते. धोका मात्र फार वेगळा. म्हणून बोलणं-गिळणं, हात, पाय, श्वास यांचे गुण वेगवेगळे लिहून ठेवा. श्वासाची क्षमता बसून मोजतात, तशी आडवं झोपवूनही मोजायची विनंती करा. श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा मुख्य स्नायू) कमकुवत होऊ लागलं की झोपून घेतलेला आकडा जास्त घसरतो. आणि वजन नियमित नोंदवाच! सकाळची डोकेदुखी, दिवसा सतत येणारी पेंग दिसली तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका, लगेच डॉक्टरांना कळवा.