हरणावर बाण कधी सोडावा आणि दोरी कधी उतरवावी?

रंकाळाकाठ:
गेल्या ऑक्टोबरात पेनसिल्व्हेनियात मावसभावाकडं होतो. तो तिथं रीतसर परवाना काढून धनुष्यानं हरणाची शिकार करतो. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हरीण मारणं गुन्हा आहे, धनुष्यानं असो की बंदुकीनं, आणि मला तो कायदा पूर्ण मान्य आहे. तेव्हा इथं कुणी असलं काही करावं म्हणून हे लिहीत नाही. प्रश्न वेगळा आहे.

मी इथं कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर सराव करतो, म्हणून एका पहाटे त्यानं मला मचाणावर नेलं. ओकच्या झाडाला अठरा फुटांवर बांधलेली लोखंडी बैठक. उजाडताना एक मादी आली, २२ यार्डांवर, म्हणजे ६६ फुटांवर. तोंड आमच्याकडं. भावानं दोरी ओढली आणि थांबला. मादीनं मान वर केली, कान टवकारले, पुढचा एक पाय उचलून जमिनीवर आपटला. पुन्हा आपटला. कंपाउंडला पूर्ण ओढल्यावर हातावर थोडाच भार राहतो, तरी त्याचा दंड थरथरायला लागला. शेवटी ती वळून अगदी आडवी, म्हणजे कूस आमच्याकडं करून उभी राहिली. मला वाटलं, आता सुटणार. त्यानं बाण न सोडताच हळूच दोरी उतरवली.

खाली आल्यावर म्हणाला, "आडवी झाली, पण बिचकलेली होती."

हिशोब असा आहे. त्याचा बाण सेकंदाला साधारण २८० फूट जातो, आवाज ११०० फूट. ३० यार्डांवर, म्हणजे ९० फुटांवर बाण पोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो, पण दोरीचा आवाज त्याच्या कितीतरी आधी कानावर पडतो. सावध हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं, तेवढ्यात बाण पाठीवरून जातो किंवा मणक्याजवळ नको तिथं लागतो. चरणारं, शेपटी सहज हलवणारं हरीण सहसा इतक्या चपळाईनं दबत नाही.

म्हणून माझं मत असं झालंय की नेम हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. आधी हरणाचं मन बघायचं, मग उभं राहणं. आडवं, किंवा किंचित पलीकडं वळलेलं असलं तरच बाण दोन्ही फुफ्फुसांतून जातो. समोरून नाही, पाठमोरं नाही, मध्ये फांदी असेल तर नाही. हे सगळं जुळलं तर तो बाण मला नैतिक वाटतो. तुम्हाला?

पिवळं_वर्तुळ:
भावा, हरणाचं मन बघायचं म्हणतोस, पण नेम कच्चा असणाऱ्यांची ही भाषा आहे. २०२३ ला बर्लिनला आपल्या साताऱ्याच्या आदिती स्वामीनं जगज्जेतेपद मारलं. कंपाउंडला ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ ८ सेंटिमीटरचं असतं, आणि आपली पोरं त्यात बाणामागून बाण घालतात. हरणाच्या फुफ्फुसांची जागा त्याच्या दुपटीहून मोठी. असा हात असेल तर १५ यार्डांवर समोरून छातीत मारायला काय हरकत? मी पोरांना शिकवतो, हाताचं सांगू शकतो.

रंकाळाकाठ:
सर, तुमचं वर्तुळ पाऊल टाकत नाही. आणि समोरून श्वासनलिका नि खांद्याचं हाड यांच्यामध्ये मुठीएवढी फट मिळते. तीत चुकलं तर बाण खांद्यात रुततो आणि जनावर तो घेऊन पळतं.

गडहिंग्लजची_डॉक्टरीण:
मी जनावरांची डॉक्टर आहे, म्हणून राहवलं नाही. बाण मारतो तो रक्तस्रावानं. बंदुकीच्या गोळीसारखा धक्का त्यात नसतो. दोन्ही फुफ्फुसं फाटली तर हरीण काही सेकंदांत कोसळतं, हे मान्य. पण तोच बाण पाच-सहा इंच मागं गेला तर आतड्यात. मग ते तासन् तास जगतं. खाटकाकडं बोकड धरलेला असतो, तुमचं हरीण मोकळं असतं, म्हणून खात्री कुणीच देऊ शकत नाही.

आणि दादा, मांसच हवं असेल तर बंदूक का नाही? धनुष्य निवडलं ते अवघड आहे म्हणून, त्यात मजा आहे म्हणून. ती मजा तुमच्या भावाची आणि चुकीची किंमत हरणानं द्यायची. ब्रिटनमध्ये धनुष्यानं हरीण मारायला बंदी आहे ती उगाच नाही.

रंकाळाकाठ:
डॉक्टर, तुमचा मुद्दा जड आहे. एवढंच सांगतो, तिकडं घरं लागून आहेत. बंदुकीची गोळी कुठवर जाईल सांगता येत नाही, म्हणून पुष्कळ वस्त्यांजवळ फक्त धनुष्याला परवानगी देतात. तिथले लांडगे कधीच संपलेत, हरणं वाढून गाड्यांवर आदळतात. आणि बंदुकीनंही जनावर जखमी होऊन पळतं.

बांधावरचा:
मी भुदरगडातला. आमच्या उसात गवा येतो, रानडुक्कर येतं. कायदा तोडणारे क्लचच्या वायरीचे फास लावतात. दोन वर्षांपूर्वी बांधाला अडकलेलं भेकर बघितलं. पायाचं हाड उघडं पडलेलं, रात्रभर तडफडून माती उकरलेली, आणि तरी डोळे उघडेच. वनखात्याचे लोक येईपर्यंत मी तिथंच बसून होतो. त्यापुढं तुमच्या भावानं दोरी उतरवली हे मला मोठं वाटतं. ताई म्हणतात ते पुस्तकात बरोबर आहे, पण रानात कशानं मरण येतं ते बघा.

पण भाऊ, एक विचारतो. संध्याकाळी दिवस मावळताना बाण सोडला, तर अंधारात माग कोण काढणार? तुमच्या यादीत हे नाही.

रंकाळाकाठ:
नाही आलं, आणि यायला हवं होतं. माग काढायची तयारी आणि वेळ नसेल तर बाण सोडायचाच नाही. रक्तावरून कळतं. गुलाबी, फेसाळ असेल तर फुफ्फुस, अर्ध्या तासानं जायचं. गडद लाल असेल तर कलेजी. हिरवट, घाण वासाचं असेल तर वजडी, मग निदान आठ तास थांबायचं. घाई केली तर ते उठतं, पुन्हा पळतं आणि सापडतच नाही.

गडहिंग्लजची_डॉक्टरीण:
बांधावरचे दादा, फासाशी तुलना करून बाण चांगला ठरत नाही. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटं धरत, तेव्हाही रीत, मान आणि नियम होतेच. त्यानं काळविटाला काय फरक पडला?

रंकाळाकाठ, तुम्ही त्या एका मादीचं सांगितलंत, जिच्यावर बाण सोडला नाही. भाऊ दरवर्षी शिकार करतो म्हणता. सुटलेला बाण तुम्ही बघितलात का?

रंकाळाकाठ:
बघितला. त्याच आठवड्यात, दुपारी चारला. नर चरत होता, शांत होता, आडवा, २४ यार्ड, मध्ये एकही फांदी नाही. मी वर लिहिलेलं सगळं जुळलेलं होतं. दोरी सुटली त्या क्षणी त्यानं चरता चरता एक पाऊल पुढं टाकलं.

बाण आरपार जाऊन मातीत रुतला होता. रक्त गडद होतं, फेस नव्हता. अंधार पडेपर्यंत आम्ही झाडाखाली बसलो आणि घरी परतलो. रात्री भाऊ तीनदा उठून खिडकीशी गेला. पहाटे दव गोठलेल्या गवतात, दोनशे पावलांवर नर सापडला. अंग ताठरलेलं होतं. भावानं उरलेला मोसम मचाणावर पाय ठेवला नाही.

गडहिंग्लजची_डॉक्टरीण:
म्हणजे ते किती वेळ जिवंत होतं, तुम्हाला ठाऊक नाही.

रंकाळाकाठ:
नाही, डॉक्टर. ठाऊक नाही.