दहा वर्षं एकाच कंपनीत, रेझ्युमे मात्र पहिल्या नोकरीच्या वेळचाच. काय बदलू?

क्वालिटीवाला_चाकण:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या. मी डिप्लोमा मेकॅनिकल, २०१५ चा पास आऊट, मूळचा लातूरकडचा. तेव्हापासून चाकणला एकाच कंपनीत आहे, ऑटोच्या मशिनिंग पार्ट्सची कंपनी, क्वालिटीत ट्रेनी म्हणून लागलो आणि आता सिनियर इंजिनियर आहे. आता आमची लाईन गुजरातच्या प्लांटला हलवायचं चाललंय, घर इथे घेतलंय, हप्ता चालू आहे, मुलगी पहिलीत आहे, त्यामुळे तिकडे जाणं शक्य नाही.

दहा वर्षांत रेझ्युमेला हातच लावला नव्हता. उघडून बघितला तर वर करिअर ऑब्जेक्टिव्ह, मग दहावी-बारावीचे टक्के, शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट, छंद, वडिलांचं नाव, आणि खाली ते 'आय हिअरबाय डिक्लेअर'. त्यात मी फक्त एक ओळ वाढवली, 'रिस्पॉन्सिबल फॉर इनकमिंग, इनप्रोसेस अँड फायनल इन्स्पेक्शन'. मित्राने दोन कॉलमवालं एक टेम्प्लेट दिलं, फोटो, रंगीत पट्ट्या, एक्सेल ८० टक्के वगैरे, दिसायला एकदम भारी. महिनाभरात चाळीसेक ठिकाणी टाकला, एक फोन नाही. काम मला येतं हो, रोज करतोय, पण कागदावर काय लिहायचं तेच सुचत नाही. कुणी या लाईनमधलं असेल तर सांगा प्लीज.

टूलरूम_भोसरी:

पहिलं म्हणजे त्या पट्ट्या काढ. एक्सेल ८० टक्के म्हणजे नेमकं काय येतं रे? पिव्होट येतं, व्हीलुकअप येतं, असं लिही. बाकी जाणकार सांगतीलच.

मेधा_एचआर:

मी चौदा वर्षं प्लांट एचआरमध्ये आहे, भरतीचंच काम बघते, त्यामुळे समोरच्या बाजूला काय होतं ते सांगते. तुमचा रेझ्युमे आधी माणूस वाचत नाही हो, आधी तो सर्चमध्ये यावा लागतो. आम्ही नोकरी डॉट कॉमवर बसतो तेव्हा 'पीपॅप' (नवीन पार्टला कस्टमरची मंजुरी घ्यायची फाईल), 'सीएमएम' (पार्टची मापं घेणारं मशीन), 'एमएसए' (मोजमापाची पद्धत भरवशाची आहे का ते तपासणं), 'एट-डी' (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) असे शब्द टाकतो, अनुभव आठ ते बारा वर्षं, ठिकाण पुणे, नोटीस पिरियड किती, आणि माणूस साईटवर शेवटचा कधी अ‍ॅक्टिव्ह होता यावरसुद्धा फिल्टर लावता येतो. तुम्ही रोज पीपॅप करत असाल पण कागदावर नुसतं 'डॉक्युमेंटेशन' लिहिलं असेल तर तुम्ही आम्हाला दिसणारच नाही. जाहिरातीत जो शब्द आहे तोच शब्द तुमच्या कागदावर पाहिजे, अर्थात ते काम खरंच केलं असेल तर.

आता त्या दोन कॉलमचं. एक करून बघा, तुमची पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. डावीकडची ओळ आणि उजवीकडची ओळ एकमेकांत घुसलेली दिसली, तारखा भलत्याच कंपनीसमोर गेल्या, किंवा मोबाईल नंबर गायबच झाला, तर बऱ्याच सॉफ्टवेअरलाही ते तसंच दिसतं. माझ्याकडे असे कितीतरी येतात ज्यात कौशल्याच्या जागी पत्ता येऊन बसलेला असतो. साधी एक कॉलमची वर्ड फाईल, साधा फॉन्ट, दोन पानं. दहा वर्षांच्या माणसाला दोन पानं पुरतात.

वडिलांचं नाव, जन्मतारीख, लग्न झालंय का, डिक्लेरेशन हे सगळं काढा. आधार नंबर आणि पॅन असेल तर आजच काढा, हे कागद कुठे कुठे फिरतात कुणाला माहीत नसतं. दहावीचे टक्के आता कोणी विचारत नाही, डिप्लोमा, बोर्ड आणि वर्ष एवढं एका ओळीत शेवटी. त्याऐवजी वर, नावाखाली, काय करता, किती वर्षं, कुठल्या प्रकारचे पार्ट, नोटीस किती आणि पुण्यातच पाहिजे हे स्पष्ट लिहा. पुण्यातच राहायचंय हा तुमचा प्लस पॉइंट आहे, बाहेरचा माणूस येईल का टिकेल का ही धास्ती आम्हाला कायम असते.

जुना_क्यूए:

मेधाताईंनी दार कसं उघडायचं ते सांगितलं, मी आतलं सांगतो. मी सव्वीस वर्षं क्वालिटीत आहे, इंटरव्ह्यू पॅनलवर बसतो. दादा, 'रिस्पॉन्सिबल फॉर इन्स्पेक्शन' ही ओळ चाकण, भोसरी, रांजणगाव, सगळीकडच्या प्रत्येक क्वालिटीवाल्याच्या कागदावर आहे. ती वाचून तू आणि तुझ्या शेजारचा यात मला फरक काय कळणार? मला बघायचं असतं की तू लाईनवर आल्यावर काय बदललं. महिन्याला किती पीस जायचे, कस्टमरकडून किती परत यायचे, तुझ्यानंतर किती यायला लागले. पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती खराब, ते काढणं तुला मी शिकवायला नको.

एक काम कर, रविवारी वही घेऊन बस आणि वर्षवार लिही. २०२० च्या एप्रिलमध्ये गाड्यांच्या धुराचं नवीन मानक बीएस-सिक्स लागू झालं, त्याआधीच्या दीड-दोन वर्षांत सगळ्यांनीच नवीन पार्टचे पीपॅप ढिगाने केले, तूही केले असशील, किती केले? त्यातले किती पहिल्या सबमिशनला पास झाले? सीएमएमचा प्रोग्राम स्वतः बनवतोस की ऑपरेटर चालवतो आणि तू नुसता रिपोर्ट बघतोस? कस्टमर ऑडिटला समोर कोण उभं राहायचं? एट-डी कुणी लिहायचं? पोकायोके, म्हणजे चूक होऊच नये अशी सोय, कुठे बसवलं? ह्या प्रत्येक प्रश्नाची एक ओळ होते.

आणि हे आत्ताच कर, कारण माझं काय झालं ते सांगतो. अकरा वर्षं एका कंपनीत काढली, राजीनामा दिला त्याच दिवशी दुपारी लॅपटॉप जमा करायला सांगितला. सगळे रिपोर्ट, ट्रेंड, ऑडिटचे मार्क त्यातच. घरी येऊन रेझ्युमे लिहायला बसलो तर एक आकडा छातीठोकपणे लिहिता येईना. अकरा वर्षांचं काम आणि हातात 'इम्प्रूव्ड क्वालिटी' एवढे दोन शब्द. तेव्हापासून खिशातल्या डायरीत दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी चार ओळी लिहितो, या महिन्यात काय अडलं, काय केलं, आधी किती होतं, आता किती आहे. कंपनीचे ड्रॉइंग, कस्टमरचा डेटा घरी आणायचा नाही, फॉरवर्डही करायचा नाही, ते चुकीचंच आहे. पण आपण काय केलं ते आपल्या शब्दात लिहून ठेवायला काही हरकत नाही. रेझ्युमेतही कस्टमरचा पार्ट नंबर टाकू नकोस, 'टू-व्हीलरचे ब्रेकचे ब्रॅकेट' एवढं पुरे.

क्वालिटीवाला_चाकण:

मेधाताई, नोटपॅडमध्ये टाकून बघितलं, माझा मोबाईल नंबर डिप्लोमाच्या टक्क्यांच्या मध्ये येतोय आणि कंपनीचं नाव तीन तुकड्यांत. महिनाभर हेच पाठवत होतो. आता बदलतो.

काका, तुम्ही म्हणालात तसं काल बसलो, आधी अर्धा तास काहीच आठवेना, मग बायको म्हणाली ते टॅपचं काय रे, तेव्हा रात्री दोन-दोनला यायचास. तेव्हा लक्षात आलं. २०२१ मध्ये एका ब्रॅकेटला टॅपिंग, म्हणजे भोकात आटे पाडणं, मिस होऊन पार्ट कस्टमरच्या असेंब्लीला जायचे, महिन्याला १,८०,००० पीस जायचे त्यातले ७६ परत आले होते, म्हणजे ४२२ पीपीएम. टॅप तुटला तरी मशीन चालूच राहायचं आणि पुढचे पार्ट आटे न पडताच बिनमध्ये. आम्ही टॅप तुटला की मशीन थांबेल असा सेन्सर बसवला आणि बिनच्या आधी एक चेकिंग पिन ठेवली, त्यानंतर त्याच क्वांटिटीला ९ पीस, ५० पीपीएम. बीएस-सिक्सच्या वेळचे पीपॅपही मोजले, तेवीस झाले.

पण आता प्रश्न असा की हे मी एकट्याने केलं नाही. चौघं होतो, सेन्सरची वायरिंग मेंटेनन्सच्या माणसाने केली, कल्पना माझी आणि ऑपरेटरची मिळून. मग 'मी केलं' असं लिहिणं मनाला पटत नाही.

जुना_क्यूए:

पटत नाही तेच बरोबर आहे. सरळ लिही, 'चार जणांच्या टीममध्ये कारण शोधणं आणि एट-डी माझ्याकडे, पीपीएम ४२२ वरून ५०'. इंटरव्ह्यूला मी हमखास विचारतो की सेन्सर कुठला, किती अंतरावर, आधी काय ट्राय केलं जे चाललं नाही. ज्याने केलंय तो टेबलावर बोटाने स्पिंडल काढून दाखवतो, ज्याने नाही केलं तो इकडचं तिकडचं बोलतो. आणि ऑपरेटरचं श्रेय देणारा माणूस मला तरी जास्त आवडतो, त्याच्याशी लाईनवरचे लोक बोलतात.

अजून एक, एफएमईए, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं त्याचा आधीच केलेला अभ्यास, लिहिणार असशील तर २०१९ चं नवीन हँडबुक वाचून जा. त्यात आरपीएन, म्हणजे धोक्याचे मार्क गुणून येणारा आकडा, जाऊन अ‍ॅक्शन प्रायॉरिटी, म्हणजे आधी कशावर काम करायचं त्याची पातळी, आलीय, आणि जुना रेझ्युमे घेऊन येणारे बरेच जण तिथेच अडकतात.

सायली_नाशिक:

मध्येच विचारते, राग मानू नका. माझी साडेतीन वर्षांची गॅप आहे, सासूबाईंचं आजारपण होतं. बऱ्याच जणी सल्ला देतात की आधीच्या नोकरीची तारीख पुढे ओढ. करू का?

मेधा_एचआर:

सायली, अजिबात करू नकोस. व्हेरिफिकेशनला पीएफची सर्व्हिस हिस्टरी मागतात, त्यात जॉइनिंग आणि सोडल्याची तारीख असते, आणि रिलीव्हिंग लेटरशी जुळवून बघतात. तिथे फरक निघाला तर ऑफर गेलीच. गॅप लपवू नकोस, एकाच ओळीत लिही, 'घरच्या आजारपणामुळे ब्रेक, अमुक महिना ते अमुक महिना', आणि त्या काळात एखादा कोर्स केला असेल, कुणाचे हिशोब बघितले असतील तर खाली लिही. खरं सांगू का, गॅप दिसली म्हणून मी कागद बाजूला ठेवत नाही, पण महिने न लिहिता नुसती वर्षं लिहून काहीतरी झाकलंय असं वाटलं की ठेवते. तू स्वतंत्र धागा काढ, मी तिथे सविस्तर लिहीन.

क्वालिटीवाला_चाकण:

नवीन फाईल दीड पानाची झाली. मेधाताई, तुम्ही सांगितलं तसं साईटवर प्रोफाईलही बदललं, नोटीस टाकली, आणि काल तळेगावच्या एका कंपनीतून फोन आला, पहिला राउंड शनिवारी आहे. त्यांनी पहिलाच प्रश्न त्या ४२२ वर विचारला, फोनवरच.

काका, एक शेवटचं. माझं इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट २०१६ च्या फेब्रुवारीतलं आहे, टीएस १६९४९ चं, म्हणजे ऑटो कंपन्यांच्या जुन्या क्वालिटी स्टँडर्डचं. ते ठेवू का काढू?

जुना_क्यूए:

ठेव, पण जसं आहे तसंच लिही, टीएस आणि वर्षासकट. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच्या जागी आयएटीएफ १६९४९ आलं आणि २०१८ च्या सप्टेंबरनंतर टीएसची सर्टिफिकेट संपली, पॅनलवरच्या सगळ्यांना हे पाठ असतं, त्यामुळे त्याच्यावर आयएटीएफ असं नाव चिकटवलंस तर लगेच पकडला जाशील. आयएटीएफचा इंटर्नल ऑडिटर कोर्स दोन-तीन दिवसांचा असतो, लाईन हलायच्या आधी तुमच्याच कंपनीत पुढची बॅच असेल तर आत्ताच नाव दे. शनिवारी जाताना त्या चेकिंग पिनचं एक हाताने काढलेलं स्केच खिशात ठेव, बिनमापाचं, नुसतं समजवायला.