मदत हवी आहे - घानाचा काळा साबण चेहऱ्यावर कसा वापरायचा?

नमस्कार मंडळी, आम्ही सध्या घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये राहतो आणि शेजारच्या काकूंनी लेकीच्या पिंपल्ससाठी इथला काळा साबण दिलाय, अलाता सामिना म्हणतात त्याला, कोकोच्या शेंगांची सालं आणि केळ्याची सालं जाळून केलेली राख, त्यात पाम कर्नल तेल वगैरे. दिसायला तपकिरी, भुसभुशीत, हवेतला ओलावा ओढून लगेच चिकट होतो. राखेमुळे अल्कलाइन असतो म्हणून भीती वाटते, लेकीची स्किन आधीच कोरडी आहे हो. काकू म्हणतात हातावर फेस करून तोच लावायचा, वडी चेहऱ्यावर घासायची नाही, नंतर शिया बटर (शियाच्या बियांचं लोण्यासारखं घट्ट तेल) लावायचं. कोणी रेग्युलर वापरलाय का? रोज चालेल की आठवड्यातून दोनदाच? आणि डब्यात कोरडा कसा ठेवता? प्लीज सांगा, तिला खूप त्रास होतोय.