सज्ञान व्यक्तीसाठी गांजा कायदेशीर करावा का?

प्रश्न : अभ्यासिका, नवी पेठ

आम्ही काही निवृत्त शिक्षक मिळून पुण्याच्या नवी पेठेत स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासिका चालवतो. आमच्याकडे नियमित येणाऱ्या एका बावीस वर्षांच्या मुलाजवळ गांज्याची लहानशी पुडी सापडली आणि त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. मुलगा मराठवाड्यातला आहे, घरी कोरडवाहू शेती आहे, आणि पुढे निवड झालीच तर चारित्र्य पडताळणीत या प्रकरणाचे काय होईल या काळजीने त्याचा अभ्यास जवळजवळ थांबला आहे.

गांजा ओढू नये याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र त्या पुडीने त्याच्या प्रकृतीचे जितके नुकसान झाले असेल, त्याहून कितीतरी अधिक नुकसान त्या खटल्याने होत आहे, असे मला दिसते. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि जर्मनीने एप्रिल २०२४ मध्ये सज्ञान व्यक्तींना मर्यादित प्रमाणात गांजा बाळगण्याची मुभा दिली. आपल्याकडे तसे करावे का? पुढील पालकसभेत हा विषय निघणार आहे. कायदा किंवा वैद्यक जवळून जाणणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : फौजदारी वकील, शिवाजीनगर

आधी कायदा काय आहे ते सांगतो, कारण पालकसभेत निम्मा वेळ त्याविषयीच्या गैरसमजात जाईल. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा केंद्रीय कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, तो गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारी शेंडे आणि चरस म्हणजे त्याचा राळेसारखा चीक, असे धरतो. शेंड्यांपासून वेगळी केलेली पाने आणि बिया त्यातून वगळलेल्या आहेत, म्हणूनच काही राज्यांत भांगेची परवानाधारक दुकाने चालतात. महाराष्ट्रात मात्र दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय भांग बाळगणे हाही गुन्हाच आहे, आणि होळीला थंडाई पिणाऱ्या अनेकांना त्याची कल्पना नसते.

शिक्षा प्रमाणावर ठरते. गांज्याच्या बाबतीत एक किलोपर्यंतचे प्रमाण अल्प आणि वीस किलोपासून पुढचे व्यावसायिक समजले जाते. अल्प प्रमाणासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, आणि जामिनाच्या अटीही अत्यंत कडक. आता यातील विषमता पाहा. खिशात पाच ग्रॅमची पुडी असलेला विद्यार्थी आणि नऊशे ग्रॅम घेऊन विकायला निघालेला माणूस, हे दोघेही त्याच अल्प प्रमाणाच्या रकान्यात बसतात. केवळ सेवन केल्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आहे, पण सेवन करायचे तर पदार्थ आधी हातात हवाच, त्यामुळे जप्तीच्या प्रकरणात बाळगण्याचे कलम लागते आणि ते अधिक जड आहे.

माझे मत असे आहे की स्वतःपुरत्या, काही ग्रॅमच्या प्रमाणासाठी फौजदारी गुन्हा रद्द करून फार तर दंडाची तरतूद ठेवावी आणि हे प्रमाण विक्रेत्याच्या प्रमाणापासून कायद्यातच वेगळे काढावे. दुकाने उघडण्याचा प्रश्न याहून निराळा आहे, तो यात मिसळू नये. हा बदल मुंबईतले विधिमंडळ एकट्याने करू शकणार नाही, कारण कायदा संसदेचा आहे. औद्योगिक भांगेची, म्हणजे धागा आणि बियांसाठी लावल्या जाणाऱ्या, नशा जवळजवळ नसलेल्या वाणाची, गोष्ट वेगळी. कायद्यात तशी मुभा असल्यामुळे उत्तराखंडाने तिच्या लागवडीला परवाने दिले आहेत.

ही बंदी आपल्या परंपरेतून आलेली आहे असेही कोणी समजू नये. इंग्रज सरकारने नेमलेल्या आयोगाने १८९४ च्या अहवालात, माफक सेवनाने फारशी हानी होत नाही आणि सरसकट बंदी योग्य ठरणार नाही, असा निष्कर्ष काढला होता. पुढे १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने औषधी उपयोग सोडून गांज्याचा वापर पंचवीस वर्षांत थांबवण्याचे बंधन घातले आणि ती मुदत संपत आली असताना आपला कायदा झाला. त्याच करारातील सर्वाधिक कडक यादीतून गांजा वगळण्याचा ठराव डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने ठरावाच्या बाजूने मत दिले. बाहेर घेतलेली ही भूमिका देशातल्या कायद्यात अद्याप उतरलेली नाही.

उत्तर २ : अर्थशास्त्राचे अध्यापक

वकीलसाहेबांचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो अर्ध्यावर थांबतो. बाळगणे गुन्हा नाही आणि विकणे गुन्हा आहे, अशा व्यवस्थेत मुलगा गांजा घेणार कोणाकडून? आज घेतो त्याच माणसाकडून. त्या माणसाच्या दुसऱ्या खिशात एमडी, म्हणजे मेफेड्रॉन हा कारखान्यात बनणारा रासायनिक अमली पदार्थ, असते आणि त्याचा नफा गिऱ्हाईक तिकडे वळण्यातच असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी पुणे जिल्ह्यातल्याच कुरकुंभच्या कारखान्यातून जप्त केलेला मेफेड्रॉनचा साठा पाहिला, तर हा बाजार आपल्या किती जवळ आला आहे हे कळते. गांज्यापासून एमडीपर्यंतची वाट पुष्कळदा त्या विक्रेत्यातून जाते, हे माझे ठाम निरीक्षण आहे.

म्हणून मी नियंत्रित विक्रीच्या बाजूचा आहे. तीही खासगी दुकानांतून नव्हे. कॅनडातील क्यूबेक प्रांतात केवळ सरकारी दुकाने विकतात आणि वयाची अट २१ आहे. पाकिटावर नशा आणणाऱ्या द्रव्याचे, म्हणजे टीएचसीचे, प्रमाण छापलेले असते आणि जाहिरातीवर कडक निर्बंध आहेत. आपल्या राज्यात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहेच. गांज्यालाही २५ ची अट घालता येईल.

उत्तर ३ : मानसोपचारतज्ज्ञ, व्यसनोपचार विभाग

वरील दोन्ही उत्तरांत विद्यार्थी आहे, पण त्याचा मेंदू नाही, म्हणून लिहिते आहे. मेंदूचा विचार आणि आवर यांच्याशी संबंधित पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. गांजा घेणाऱ्यांपैकी सुमारे नऊ टक्के लोकांना त्याचे अवलंबित्व जडते, आणि पौगंडावस्थेत सुरुवात करणाऱ्यांमध्ये हे प्रमाण साधारण सहांत एक इतके वाढते. घरात मनोविकाराचा इतिहास असेल, टीएचसी जास्त असेल आणि सेवन रोजचे असेल, तर भास आणि संशय यांसारख्या तीव्र मानसिक आजाराचा धोका स्पष्टपणे वाढतो. असा पहिला झटका आलेली विशीतली मुले आम्ही पाहतो. आईवडील आधी त्यांना देवऋषीकडे नेतात आणि नंतर आमच्याकडे आणतात. मधले महिने वाया जातात, आणि उपचाराच्या दृष्टीने तेच महिने सर्वांत मोलाचे असतात.

१८९४ च्या अहवालाचा आधार आज जपून घ्यावा. त्या काळी लोक जे ओढत होते, त्यापेक्षा आज निवडक बियाण्यांपासून बंदिस्त जागेत वाढवलेल्या गांज्यात टीएचसी कितीतरी पट अधिक असू शकते. माफक सेवनाबद्दलचा तो निष्कर्ष या मालाला लागू होत नाही.

तरीही मी शिक्षेच्या बाजूची नाही. व्यसनी माणूस आजारी आहे या भूमिकेवर पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखी संस्था काम करते आहे, आणि ती भूमिका या शहरात रुजली असतानाही पोलिसांच्या भीतीने कुटुंबे आजार लपवतात, हे मला असह्य वाटते. गुन्हा काढावा, यावर माझी वकिलांशी सहमती आहे. विक्री मात्र नको, कारण विक्रेता सरकारी असला तरी महसूल वाढवण्याचा मोह त्यालाही होतोच. मद्याच्या बाबतीत तो आपण पाहतो. एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात १४.६ टक्के लोक मद्य घेतात, तर भांग, गांजा आणि चरस मिळून २.८ टक्के. या फरकामागे इतर कारणेही असतील, पण सहज उपलब्धता हे त्यांतले मोठे कारण आहे, अशी माझी खात्री आहे.

उत्तर ४ : विमाननगरमधील रहिवासी

वयाची अट कागदावर घालणे सोपे आहे. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरात, मद्य घेतल्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन चालकाच्या मोटारीने झालेल्या अपघातानंतर, अल्पवयीनांना मद्य दिल्याच्या आरोपावरून बारवर कारवाई करावी लागली. म्हणजे २१ आणि २५ ची अट तोपर्यंत किती पाळली जात होती, याचा अध्यापकांनी विचार करावा. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, नियम मागून येतील असे म्हटले, दुकाने मात्र लगेच उघडली, आणि २०२५ मध्ये वैद्यकीय चिठ्ठीची सक्ती आणावी लागली. आमच्या भागात वसतिगृहे आणि भाड्याच्या खोल्या दाटीने आहेत. इथे तसा प्रयोग नको.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. विक्रीविषयी आपल्यात एकमत नाही, आणि माझेही मन अजून ठरलेले नाही. पण गुन्हा काढण्याबाबत तिघांचे म्हणणे जुळते, ते मी सभेत मांडेन. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. त्या मुलासाठी आज काही मार्ग आहे का?

उत्तर १ चे लेखक

आहे. याच कायद्याच्या कलम ६४-अ प्रमाणे, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती शासनमान्य ठिकाणी स्वेच्छेने व्यसनमुक्तीचा उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवता येत नाही. उपचार अर्ध्यात सोडला तर हे संरक्षण काढून घेता येते. याशिवाय कलम ३९ नुसार दोषी ठरल्यावरही न्यायालय शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडू शकते. दोन्ही तरतुदी व्यसनाधीन व्यक्तीसाठी आहेत, त्यामुळे मुलगा खरोखर व्यसनाधीन आहे की एखाद्या वेळी ओढणारा आहे, हे डॉक्टरांनी तपासून लिहून द्यावे लागेल. व्यसन नसताना तसे दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. चारित्र्य पडताळणीच्या अर्जात खटल्याची माहिती लपवू नये, कारण लपवल्याचे उघड झाले तर मूळ आरोपापेक्षा ते अधिक महाग पडते. आरोपपत्र दाखल झाले आहे का ते पाहून, जप्ती पंचनाम्याची प्रत घेऊन त्याला वकिलाकडे पाठवा, आणि डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात ठरवा.