आपल्या डोंगरातली खाण बंद करायची आणि ग्रॅनाइट भारतातून मागवायचा, हे बरोबर आहे का?

घाटमाथा:
स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात, बेलिंझोनाला राहून मला चार वर्षं झाली. थोडं उत्तरेला रिव्हिएराचं खोरं आहे, इराज्ञा, लोद्रिनो, क्रेशानो ही गावं आणि डोंगराच्या पायथ्याशी दगडाच्या खाणी. लोक त्याला ग्रानीतो म्हणतात पण खरं तर तो नाइस (gneiss) नावाचा खडक, थराथरांचा, म्हणून सरळ फुटतो, पायऱ्या, फरश्या, छपरं, द्राक्षवेलींचे खांबसुद्धा त्याचेच. १८८२ ला आल्प्स ओलांडणारी गोटहार्डची रेल्वे आली आणि धंदा वाढला. आता ऑफिसात विषय निघाला की बरेच जण म्हणतात आवाज आणि धूळ पुरे, बंद करा. अहो पण दगड वापरायचं कोण थांबवतंय? चौकाला, बाथरूमला, थडग्याला तो लागतोच, मग येतो चीनहून नाहीतर भारतातून. धूळ कमी झालीच नाही, फक्त ती दुसऱ्याच्या छातीत गेली. मला हे अजिबात पटत नाही.

रानवारा:
पायथ्याशी राहणाऱ्याला विचारा दादा. मी दोन वर्षं पलीकडे इटलीत ओसोलाच्या खोऱ्यात होतो, घराच्या वरच खाण, उन्हाळ्यात खिडकी उघडायची सोय नाही, पाऊस पडला की ओढा राखाडी. हिऱ्याचे कण बसवलेल्या तारेने शिळा कापतात ते बघायला भारी वाटतं, पण विकला जातो त्याच्यापेक्षा जास्त दगड कित्येक ठिकाणी राडारोडा म्हणून पडून राहतो. आणि डोंगर काय परत उगवणार आहे? भारतात वाईट चाललंय म्हणून इथेही चालू द्या, हा कुठला न्याय!

पाथरवट७:
ओसोलाचं नाव काढलंत तर कांदोल्या विसरू नका. १३८७ मध्ये मिलानच्या कॅथेड्रलसाठी ती संगमरवराची खाण दिली आणि आजही तिथला दगड त्याच देवळाच्या दुरुस्तीला जातो. पूर्वी तोचे नदी, माज्जोरे सरोवर आणि कालवे, असा पाण्यावरूनच मिलानपर्यंत जायचा, शिळांवर जकात माफ असल्याची खूण असायची. सहाशे वर्षं झाली, डोंगर उभाच आहे. म्हणून मला वाटतं प्रश्न खाणीचा नाही, हावरटपणाचा आहे.

खडीवाला नातू:
मला दोघांशीही बोलायचंय. माझे आजोबा भारतात आयुष्यभर खाणीत दगड फोडत होते, तोंडाला फडकं बांधून, शेवटी खोकून खोकून गेले, डॉक्टर टीबी टीबी म्हणत राहिले. सिलिकोसिस, म्हणजे दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, हा शब्द आम्हाला फार उशिरा कळला. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये धूळ उडू नये म्हणून ड्रिलवर पाणी सोडतात, धूळ मोजतात, आजार कामामुळे झाला असं लेखी मान्य होतं. घाटमाथा, तुमची तळमळ कळते पण आमच्याकडचा माल घेणं बंद झालं तर आमच्या लोकांच्या चुली कशा पेटणार? जर्मनीत काही राज्यांत थडग्याच्या दगडाला बालमजुरी नाही याचा दाखला मागतात, तसाच ओल्या ड्रिलिंगचाही मागा ना. माल नाकारू नका, अट घाला.

घाटमाथा:
हे मान्य, अट हवीच, मी बंदी म्हणत नाहीये. पण स्वतःची खाणही ठेवा. इथल्याच वाल्स गावच्या गरम पाण्याच्या स्नानगृहाला (१९९६) तिथल्याच क्वार्टझाइट या कठीण दगडाच्या ६०,००० पट्ट्या लागल्या, दगड गावचा आणि बघायला जगभरातून माणसं येतात. जो वापरतो त्याला कापलेला डोंगर दिसला पाहिजे, मगच तो जपून वापरेल.

रानवारा:
दिसतो कोणाला तेही बघा. तिचिनोत बऱ्याच खाणींची जमीन पात्रित्सियातोची, म्हणजे गावातल्या जुन्या घराण्यांच्या सामाईक मालकीची. भाडं त्यांच्याकडे, आणि धूळ मात्र कालपरवा राहायला आलेल्या भाडेकरूच्याही घरात. मतदान घ्या, पण खाणीखाली राहणाऱ्या प्रत्येकाला विचारून घ्या, परदेशी पासपोर्ट असला तरी.

घाटमाथा:
हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मीही परदेशीच, मलाही मत नाही.